डच लोकांना बुडी मारायला वेंगुर्ल्याने शिकवलं नाही

आमच्या मामाचे मेसेज सकाळी साडेसहाला येतात, म्हणजे इथे नेदरलँड्समध्ये रात्री दोन-तीनला. मागच्या आठवड्यात जो आला तो मामाचा नव्हता, ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’वाला होता. पण खाली मामाची ओळ होती: “बघ, तुझे डच लोक आपल्याकडून काय काय शिकले!”

मेसेज थोडक्यात असा. डच भाषेत पाण्याखाली पोहण्याला ‘डुइकन’ म्हणतात, आणि हा शब्द म्हणजे आपली डुबकी. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, तिथे कोकणातल्या मोती काढणाऱ्या पाणबुड्यांकडून त्यांनी ही विद्या आणि शब्द दोन्ही उचलले. पुढे तो इंग्रजीत गेला आणि ‘डक’ झाला. बदक डोकं खाली घालतं म्हणून क्रियापदही तेच. मूळ अर्थातच संस्कृत. युरोपीय कोशकार हे दडवून ठेवतात. शेवटी नेहमीचं: अभिमान असेल तर दहा जणांना पाठवा.

आजोळ वेंगुर्ल्याचं असल्याने आमच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मलाही दोन मिनिटं बरं वाटलं. पण गेली काही वर्षं मी हा शब्द रोज ऐकते आहे, आणि मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे गळतं आहे. मामाला एकट्याला उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहिते.

आधी अर्थ. इथल्या मुलांना पोहण्याचा डिप्लोमा घ्यावा लागतो. कायद्याने नव्हे, पण गावभर कालवे असलेल्या देशात आईबाप सोडतात थोडेच. ए, बी आणि सी अशा तीन पायऱ्या. प्रत्येकीत एक परीक्षा अशी की पाण्यात ताडपत्रीचा पडदा उभा सोडलेला असतो, त्याला मधोमध भोक, आणि मुलाने पाण्याखालून पोहत जाऊन त्या भोकातून पलीकडे निघायचं. ए-ला तीन मीटर, बी-ला सहा, सी-ला नऊ. माझी मुलगी ए-च्या वेळी अंगात कपडे आणि पायात बूट अशी थरथरत काठावर उभी होती, आणि मी काचेपलीकडे माझाच श्वास धरून बसले होते. या प्रकाराला तिथे जे नाव आहे ते सरळ ‘पाण्याखाली पोहणं’ असं आहे. त्यात ‘डुइकन’ नाही.

‘डुइकन’ आहे तो त्याच तलावाच्या उथळ बाजूच्या पाटीवर. ‘नीट डॉइकन’, हा उच्चार का ते पुढे सांगते. (डचमध्ये ‘नीट’ म्हणजे नाही, पहिल्या वर्षी मी हे फार नीट वाचत असे.) पाटीचा अर्थ: इथे सूर मारू नका, डोकं आपटेल. हवेची टाकी पाठीला बांधून समुद्रतळाशी जाणाऱ्यांच्या छंदालाही हाच शब्द आहे, हे खरं. पण शब्दाचा गाभा पोहण्याचा नाही. खाली जाणं, वाकणं, दडणं हा त्याचा गाभा. जुन्या डचमध्ये तो नुसतं वाकण्यालाही चालत असे. रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीला डच माणूस ‘डॉइकर’ म्हणतो, कारण पाणी तिथे खाली मुंडी घालून जातं. दक्षिण आफ्रिकेतलं एक छोटं हरीण चाहूल लागताच झुडपात सूर मारतं, तेही डॉइकर. आणि जर्मन ताब्याच्या काळात जे लोक माळ्यावर, तळघरात, शेतकऱ्यांच्या गोठ्यात लपून राहिले त्यांना ‘ऑन्डरडॉइकर’ म्हणतात, म्हणजे खाली बुडी मारलेले. ॲम्स्टरडॅमच्या प्रिन्सेनखराख्ट कालव्यावरच्या घरात ६ जुलै १९४२ ला ॲन फ्रँकचं कुटुंब लपलं, ते याच क्रियापदाने सांगितलं जातं. पाण्याचा थेंब नाही त्यात.

आता उच्चार, कारण सगळा डोलारा त्याच्यावर आहे. मेसेजमध्ये ‘डुइकन’ लिहिलंय म्हणून आपल्याला ‘डुब’ ऐकू येतं. प्रत्यक्षात मधला स्वर आपल्याकडे नाहीच. ‘ऑ’ म्हणायला तोंड उघडायचं आणि लगेच ओठांचा चंबू करून ‘इ’ म्हणायचं. फुटबॉलवाले क्रायफ म्हणतात, कुणी क्रॉइफ म्हणतात, विज्ञानाच्या पुस्तकात कधी हायगेन्स तर कधी ह्यूजेन्स छापतात, तो सगळा घोळ याच एका स्वराचा. मी इथे ‘डॉइकन’ लिहिते, पण तेही कामचलाऊच. शेवटचा न बहुतेक लोक खातात. आणि सुरुवातीचा ‘ड’ आपला मूर्धन्य ड नाही. जीभ दातांच्या मागे टेकते, त्यामुळे कुणी ‘द’ लिहिला असता तरी चूक म्हणता आली नसती. म्हणजे डुबकीशी जुळणारं पहिलं अक्षरही आपण देवनागरीत उतरवताना आपणच घातलेलं आहे.

त्याहून मजेची गोष्ट ‘क’ची. मेसेज म्हणतो, दोन्हीकडे क आहे. आहे, पण कुठला? डुलणे–डुलकी, फिरणे–फिरकी, तसं डुबणे–डुबकी. आपला ‘की’ हा प्रत्यय आहे. नाम बनवायला मागून जोडलेला. डचमध्ये उलट, ‘क’ धातूतला आहे आणि ‘अन’ हा प्रत्यय. दोघांचे प्रत्यय सोलून काढले की एका हातात ‘डुब्’ उरतो आणि दुसऱ्या हातात ‘डॉइक्’. आता जुळवा. ‘ब’ला तिथे जोडीदार नाही, ‘क’ला इथे नाही.

काळाचा मुद्दा मला सगळ्यात आवडतो, कारण इथे शब्द स्वतःच साक्ष देतो.

वेंगुर्ल्याची वखार खरी आहे. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ ची, आणि १६३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने वेंगुर्ल्यात बस्तान मांडलं. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना दाणापाणी तिथून मिळायचं. लहानपणी आम्ही त्या पडक्या भिंतींत लपाछपी खेळलो आहोत. तेव्हा शब्द तिथून गेला असेल तर तो १६३० च्या आधी युरोपात दिसता कामा नये.

पण जर्मनमध्ये हाच शब्द ‘टाउखन’ असा आहे. मेसेजवाल्याला हा पुरावा आपल्या बाजूचा वाटला असता: बघा, शेजाऱ्याचा शब्दही वेगळा! तो वेगळा का आहे ते पाहा. डच माणूस ‘करणे’ला माकन म्हणतो, जर्मन माखन. पुस्तक: डच बूक, जर्मन बूख. मुलगी: डच डोख्टर, जर्मन टोख्टर. दार: डच ड्योर, जर्मन ट्यूर. स्वरानंतरचा क तिथे ख होतो आणि ड चा ट होतो, ओळीने, शिस्तीत, शेकडो शब्दांत. दक्षिणेकडच्या जर्मन बोलींमध्ये हा व्यंजनबदल साधारण सहाव्या ते आठव्या शतकात झाला, आणि संपला. नंतर आलेल्या शब्दांना तो लागत नाही. ‘टाउखन’मध्ये हे दोन्ही बदल झालेले आहेत. म्हणजे बदल सुरू झाला तेव्हा हा शब्द तिथे आधीच घरचा होता. त्या वेळी वेंगुर्ला तर सोडाच, कागदावर मराठीही अजून यायची होती.

डच रूपावरही वयाच्या खुणा आहेत. मध्ययुगीन डचमध्ये हा शब्द ‘डूकन’ होता, घराला ‘हूस’ आणि उंदराला ‘मूस’. पुढे या लांब स्वराचं ‘ऑइ’ झालं: हॉइस, मॉइस, डॉइकन. इंग्रजीत त्याच घराचं हाउस आणि माउस झालं, जर्मनमध्येही तसंच. सगळा वाडा एकदम दुरुस्त झाला, त्यात ही खोलीही झाली. काल आलेल्या पाहुण्याची खोली अशी दुरुस्त होत नाही.

आणि भूतकाळ. डॉइकनचा भूतकाळ ‘डोक’, आणि ‘बुडी मारलेला’ला ‘खडोकन’. मधला स्वर बदलतो, जसा रांगण्याचा: क्रॉइपन, क्रोप, खक्रोपन. इंग्रजीतल्या सिंग-सँग-संगसारखा हा जुना खानदानी प्रकार. बाहेरून आलेल्या क्रियापदांना डच भाषा तो मान सहसा देत नाही, त्यांना मागे ‘ड’ किंवा ‘ट’ चिकटवून मोकळी होते. अपवाद आहे, आणि तो लपवणं बरं नव्हे: ‘लिहिणे’साठीचा डच शब्द लॅटिनमधून आला तरी खानदानी झाला. पण तो आला रोमनांबरोबर, वखारीच्या हजारेक वर्षं आधी.

वखारींच्या काळात आणि त्यानंतर पूर्वेकडून आलेली क्रियापदं कशी दिसतात? ‘पीकरन’ घ्या, म्हणजे चिंता करत बसणं. मूळ अरबी ‘फिक्र’, ते मलायमध्ये ‘पिकिर’ झालं, तिथून डचांनी घेतलं. आपली ‘फिकीर’ त्याच अरबी घरातली, फक्त फारसीच्या दारातून आलेली. त्याचा भूतकाळ पीकर्ड, खपीकर्ट: साधा, चिकटवलेला. तसंच ‘सूबाटन’, म्हणजे गयावया करणं. ते मलाय ‘सोबात’ म्हणजे मित्र यावरून, आणि ‘सोबात’चं मूळ त्याच अरबी धातूत जिथून आपली ‘सोबत’ आली. मामाला अभिमान हवाच असेल तर हे घ्यावं: मराठी माणसाची फिकीर आणि सोबत दोन्ही डच घरात आहेत, चुलत नात्याने.

मोत्यांबद्दल थोडक्यात. डचांचा मोत्यांच्या पाणबुड्यांशी संबंध आला, तो भारत आणि श्रीलंकेच्या मधल्या मन्नारच्या आखातात. १६५८ मध्ये त्यांनी पोर्तुगीजांकडून मन्नार आणि तुतिकोरिन घेतलं, आणि तिथल्या मोत्यांच्या हंगामावर ताबा मिळवला. बुड्या मारणारे लोक तमिळ बोलणारे होते. मोत्यांसाठी बुडी मारण्याला तमिळमध्ये ‘मुत्तुक्कुळित्तल’ म्हणतात. उचलायचाच असता तर तो उचलला असता. आणि मुळात गरज? कॉर्नेलिस ड्रेबेल नावाचा आल्कमारचा गृहस्थ १६२० च्या सुमारास लंडनमध्ये टेम्स नदीत वल्ह्यांची पाणबुडी चालवून दाखवत होता. अशा लोकांना पाण्याखाली जाण्यासाठी शब्द नव्हता, हे पटणं कठीण आहे. नव्या वस्तूबरोबर शब्द येतो हे मान्य. कोरोमंडलच्या छापील कापडाला डच ‘सिट्स’ म्हणतात, ती आपली चीट. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे बटाटा, पाव, चावी आली. पण वाकणं आणि बुडणं कुणी जहाजातून आणत नाही.

बदकाची गोष्ट मेसेजने नेमकी उलटी सांगितली आहे, आणि गंमत म्हणजे हा भाग इंग्रजी बोलणारेही असाच सांगतात. बदकावरून क्रियापद नव्हे, क्रियापदावरून बदक. इंग्रजीत ‘डूके’ असं पक्ष्याचं जुनं नाव दहाव्या शतकातल्या जमिनीच्या सनदेत सापडतं, तिथे हद्दीची खूण म्हणून बदकाचं डबकं आहे. त्याचा अर्थ ‘बुडी मारणारी’. त्याआधी इंग्रजीत बदकाला ‘एनेद’ असा वेगळाच शब्द होता, आणि तो या टोपणनावाने पुसून टाकला. डचांनी मात्र जुनं नाव राखलं: बदकाला ते आजही ‘एंट’ म्हणतात. बुडी मारणाऱ्या जातीच्या बदकाला ‘डॉइक-एंट’. म्हणजे ज्या भाषेतून इंग्रजीने बदक घेतलं असं मेसेज म्हणतो, त्या भाषेत बदकाला ‘डक’ म्हणतच नाहीत. आपल्याकडे टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याला काही ठिकाणी पाणडुबी म्हणतात, तसाच हा प्रकार. तिचं नाव तिच्या कामावरून, काम तिच्या नावावरून नव्हे.

राहिलं संस्कृत. इथे मला मेसेजवाल्याशी भांडण्यापेक्षा त्याला हाताला धरून दुसऱ्या दारात न्यावंसं वाटतं, कारण त्याने हिरे टाकून काचा उचलल्यात.

पहिली अडचण: ‘डुबणे’ संस्कृत नाहीच. पाणिनीच्या घरात डुब् धातू नाही. ड ने सुरू होणारे संस्कृत शब्द तसेही बोटांवर मोजावेत इतके. बुडण्यासाठी संस्कृत धातू आहे मस्ज्, मज्जति. निमज्जन, उन्मज्जन त्यातलं. लोक मात्र भलतंच बोलत होते. बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने प्राकृताच्या व्याकरणात एक सूत्र लिहिलं की ‘मस्ज्’च्या जागी प्राकृतात आउड्ड, णिउड्ड, बुड्ड आणि खुप्प येतात. हे सूत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते, कारण त्यातला ‘बुड्ड’ म्हणजे आपलं बुडणं, आणि ‘खुप्प’ म्हणजे पायात काटा जाऊन बसतो ते खुपणं. ‘डुब’ हा याच ‘बुड’चा उलटा फिरलेला भाऊ. अक्षरांची अशी अदलाबदल बोलण्यात होतेच. आजही हिंदीवाला पनडुब्बी म्हणतो आणि आपण पाणबुडी. वखारीच्या काळात कोकणात आणि देशावर रोजचा शब्द ‘बुडणे’ होता. तुकोबा त्याच शतकातले, त्यांच्या अभंगांतही लोक बुडतातच. डचांनी उसनं घेतलं असतं तर ‘बुडी’ घेतली असती.

दुसरी अडचण: समजा डॉइकनचं संस्कृतात खरं भावंड असतं, तर ते कसं दिसलं असतं? याला नियम आहेत. डच कू म्हणजे गाय, संस्कृत गो. क्नी म्हणजे गुडघा, संस्कृत जानु. युक म्हणजे जू, संस्कृत युग. डचमध्ये क असेल तिथे संस्कृतात ग किंवा ज. वेडुवे म्हणजे विधवा, मिडन म्हणजे मध्य: डचमध्ये ड असेल तिथे संस्कृतात ध. म्हणजे डॉइकनच्या भावाची सुरुवात ध ने आणि शेवट ग किंवा ज ने व्हायला हवा होता. डुबकीत यातलं काहीच नाही. प्रत्यक्षात हे क्रियापद डच, जर्मन, इंग्रजी आणि त्यांच्या सख्ख्या शेजाऱ्यांपुरतंच आहे. त्या घराबाहेर त्याचं खात्रीचं नातं दाखवता आलेलं नाही. इंग्रजीतले डाइव्ह, डिप, डीपसुद्धा वेगळ्या धातूचे. त्यांचा डच नातेवाईक ‘डीप’ म्हणजे खोल, डॉइकन नव्हे. नात्याचे शब्द कानाला सारखे लागतातच असं नाही, आणि सारखे लागतात ते पुष्कळदा रस्त्यात भेटलेले असतात.

खरी नाती हवीत तर दोन घ्या. मघाचं डच बदक, ‘एंट’. लॅटिनमध्ये ते अनास, अनातिस. आणि वैदिक संस्कृतात ‘आति’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा-उर्वशीचं सूक्त आहे, त्यात अप्सरांना या पाणपक्ष्यांची उपमा आहे. शतपथ ब्राह्मणात तर उर्वशीला शोधत निघालेला पुरूरवा कुरुक्षेत्रातल्या कमळांच्या तळ्याशी येतो तेव्हा त्या आति होऊन पाण्यात पोहत असतात. उर्वशीच्या सख्या आणि आमच्या घरामागच्या कालव्यात पाव मागायला येणारी ती उद्धट बदकं एकाच शब्दाची लेकरं आहेत. याचा मेसेज कुणी का करत नाही?

दुसरं, मज्जति. याचं लॅटिन भावंड ‘मेर्गेरे’, बुडवणे. त्यातून इंग्रजी सबमर्ज आणि इमर्ज, आणि अचानक वर उसळून आलेला प्रसंग म्हणून ‘इमर्जन्सी’. दवाखान्याच्या लाल पाटीवरचा तो शब्द म्हणजे शब्दशः आपलं उन्मज्जन. इतकंच नाही, लॅटिनमध्ये बुडी मारणाऱ्या पक्ष्याला ‘मेर्गुस’ म्हणत, आणि संस्कृतात ‘मद्गु’. छांदोग्य उपनिषदात गुरं राखत राहिलेल्या सत्यकामाला ब्रह्माचा चौथा पाद शिकवायला येतो तो हाच मद्गु, पाणकावळा समजा. दोन्हीकडे क्रियापद आधी, पक्षी नंतर. इंग्रजी डकचीही कथा तीच निघाली, फक्त धातू दुसरा.

कोश दडवतात, या आरोपाचं फार काही करायचं कारण नाही. पीकरन, सूबाटन, सिट्स ही सगळी पूर्वेची उसनवारी मी डच व्युत्पत्तिकोशांतूनच इथे मांडली आहे. त्यात ती उघड छापलेली आहे. फिकीर कबूल करणाऱ्याला डुबकी कबूल करायला काय झालं असतं?

हे लिहून आधी मामालाच पाठवलं. दोन निळ्या टिकल्या आल्या, मग बराच वेळ ‘टायपिंग’. शेवटी उत्तर आलं: “खुपण्यापर्यंत वाचलंय. उरलेलं जेवून. पोरगी त्या भोकातून निघाली की नाही ते आधी सांग.”

निघाली. दुसऱ्या प्रयत्नात.